भिंतीमागचा बर्फ

“आधी मोजू, मग भांडू.”

हे मापबाईचं वाक्य. कोट काखेत काचतो म्हणून कोणी तणतणत दुकानात शिरलं, की तोंडातल्या टाचण्या काढून ती पहिलं हेच म्हणायची. मग गळ्यातली पट्टी उतरवायची, गिऱ्हाइकाला आरशासमोर उभं करायची आणि छातीभोवती पट्टी फिरवून आकडा मोठ्याने वाचायची. बहुतेक वेळा कोट होता तसाच असायचा, गिऱ्हाईक वाढलेलं असायचं. भांडण सुरू व्हायच्या आत संपायचं. समोरच्या बेकरीवाल्याचं पोट तिने असं लागोपाठ तीन हिवाळे सगळ्या रस्त्याला ऐकवलं होतं. चौथ्या हिवाळ्यात त्याने कोट आणलाच नाही, बायकोच्या हाती पाठवून दिला.

तिचं खरं नाव पाकिटांवर असेल, लोकांच्या तोंडात नव्हतं. तिच्या नवऱ्यालाही सगळे नुसतं सुतार म्हणत. त्याच्या हातून गेलेलं दार कधी कुरकुरत नसे, आणि तोही नसे. दिवसभरात चार वाक्यं बोलला तर त्यातली दोन लाकडाशी असत.

मापबाई दोन गोष्टी मोजायची, माणसं आणि बर्फ. बर्फाचं असं झालं की एकतीस वर्षांपूर्वी हवामान कार्यालयाचे साहेब बटण लावून घ्यायला दुकानात आले. बाईने काज दोनदा मोजलं, बटण एकदा, आणि मगच सुईत दोरा ओवला. साहेब बघत राहिले. जाताना त्यांनी विचारलं, “हिवाळ्यात रोज सकाळी आठ वाजता एक आकडा लिहून पाठवाल का?” बाई म्हणाली, “रोज म्हणजे रोजच ना? मग पाठवीन.”

कार्यालयाने एक पांढरा खांब दिला, त्यावर काळ्या रेघा, आणि नियमांची एक पातळ पुस्तिका दिली. गावाच्या वर, वीस मिनिटांच्या चढावर, उघडा माळ आहे. तिथे खांब उभा राहिला. नियम असा की खांबाजवळचा बर्फ तुडवायचा नाही. लांब थांबायचं, डोळा बर्फाच्या पातळीला आणायचा आणि रेघ वाचायची. मापबाई त्यासाठी पोत्याचा तुकडा अंथरून पोटावर झोपायची. पहिल्या हिवाळ्यात दोन माणसं धावत आली, बाई पडली म्हणून. ती खालूनच ओरडली, “उचलू नका हो, वाचतेय मी!”

ताप असो, वादळ असो, एक सकाळ चुकली नाही. वही पेन्सिलीने लिहायची, कारण थंडीत शाई धरत नाही. वर्षागणिक एक वही. सुताराने त्यांच्यासाठी झाकणाची पेटी केली होती, आणि ती पेटी दुकानात बटणांच्या बरण्यांच्याही वरच्या फळीवर, अगदी मानाच्या जागी होती.

नऊ हिवाळ्यांपूर्वी त्या चढावर तिचा पाय सटकला. गुडघा सुजून उशीएवढा झाला. डॉक्टर म्हणाले, बर्फातला चढ बंद. त्या संध्याकाळी तिने डॉक्टरांना काय काय म्हटलं ते सुताराने ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी ती झोपलेली असताना तो माळावर गेला. खांब उपटला, खांद्यावर टाकून खाली आणला आणि दुकानाच्या मागे, भिंतीपासून चार पावलांवर रोवला.

बाई काठी टेकत मागच्या दारात आली. खांबाकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं.

“इथे?”

“या हिवाळ्यापुरता,” सुतार म्हणाला.

तिने काठी चौकटीला टेकवली. मग म्हणाली, “पोतं आणा.” आणि दारातच पोटावर झोपली. एवढं मात्र खरं की त्या दिवशी तिने फक्त बर्फ मोजला, जागा मोजली नाही. कार्यालयाला कळवायचं म्हणाली, पुढच्या हिवाळ्यात तर परत वर जायचंच आहे, असंही म्हणाली. पुढचा हिवाळा आला, त्याच्या पुढचाही आला. खांब तिथेच राहिला. हळूहळू त्या दोघांच्या दृष्टीने तो कायम तिथेच होता.

या वर्षी थंडी उतरणीला लागली, छपरांवरून पाणी गळायला लागलं, तेव्हा मापबाईची भाची आली. धाकट्या भावाची मुलगी. मोठ्या शहरात एका संस्थेत थंड प्रदेशांच्या हवामानाचा अभ्यास करते. खांद्याला लॅपटॉप, पायात शहरातले गुळगुळीत बूट, आणि चेहरा असा की बक्षीस लागलंय आणि सांगायचं अजून राहिलंय.

“आत्या,” दारातूनच म्हणाली, “तू उपग्रहाला हरवलंस!”

“मी कुठे गेले होते त्याच्याशी खेळायला?” मापबाई म्हणाली. “बूट काढ आधी. पाणी आणलंस घरात.”

कापड कापायच्या टेबलावर भाचीने लॅपटॉप उघडला. सुतार दाराची चौकट तासत होता, तो रंधा खाली ठेवून जवळ आला.

भाचीचं काम असं होतं. हा सगळा थंड मुलूख तिने आणि तिच्या सोबत्यांनी संगणकात चौकोनाचौकोनांनी उभा केला होता. प्रत्येक चौकोनात गणिताने ऊन पडतं, वारा वाहतो, बर्फ साठतो आणि वितळतो. त्याला ती मॉडेल म्हणायची. पन्नास वर्षांनी इथे काय होईल, नद्यांना पाणी कधी येईल, ते या मॉडेलला विचारायचं. पण पुढचं विचारण्याआधी मागचं बरोबर सांगतं का ते बघायला हवं. म्हणून त्याची उपग्रहाशी गाठ घालायची. उपग्रह रोज वरून जातो आणि खाली कुठे पांढरं, कुठे तपकिरी ते टिपून ठेवतो.

“म्हणजे तुझा कोट कच्च्या टाक्यावर आहे,” मापबाई म्हणाली, “आणि उपग्रह हा आरसा. ट्रायल चाललीय.”

“अगदी तसंच. आणि ट्रायलमध्ये गोची झाली. माझं मॉडेल म्हणतं, वसंतात इथला बर्फ जवळजवळ तीन आठवडे जास्त टिकतो. उपग्रह म्हणतो, आधीच गेला. सगळे मला म्हणायला लागले, तुझं मॉडेल चुकलं. मी म्हटलं, ढगांमुळे उपग्रहच फसला असेल. पण पुरावा कुठाय? जमिनीवर मोजणारी या भागात सात माणसं होती, सहांच्या वह्या मध्येच तुटल्यात. न तुटलेली एकच.” तिने फळीवरच्या पेटीकडे बोट दाखवलं. “आणि आत्या, तुझी वही माझ्या मॉडेलच्या बाजूने आहे! आधीची वर्षं मागेपुढे होतात, पण गेली नऊ वर्षं तर दिवसाला दिवस जुळतंय.”

नऊ दिवसांनी तिचं मोठं व्याख्यान होतं, देशोदेशीचे लोक येणार होते. तीन वर्षांच्या कामाचा निकाल त्या दिवशी लागणार होता. त्यासाठी तिला आत्याचे, खांबाचे आणि वह्यांचे फोटो हवे होते.

दुपारपर्यंत रस्त्याभर झालं. बेकरीवाला पीठ लागलेल्या हातांनी आला आणि दारात वाकून म्हणाला, “उपग्रहाला हरवणारीने माझा कोट सैल करून द्यावा, एवढीच विनंती.”

“कोटाला आता कापड उरलं नाही,” मापबाई म्हणाली. “दोन पाव कमी खा, आपोआप सैल होईल.”

हसत होती ती. सुताराने तिला एवढं हसताना बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. त्याच्याही छातीत काहीतरी फुगत होतं. खांब त्यानेच तर रोवला होता.

जेवणं झाल्यावर भाची व्याख्यानातली चित्रं दाखवायला बसली. एका चित्रात मॉडेलचा पांढरा चौकोन, शेजारी उपग्रहाचे शेकडो बारीक ठिपके.

“हा बघ आपला माळ. बघ उपग्रह कसा फसलाय. गेल्या वर्षीची ही तारीख, तुझ्या वहीत त्या दिवशी एकोणपन्नास सेंटीमीटर बर्फ, आणि हा शहाणा दाखवतोय तपकिरी, कोरडा ठणठणीत!”

मापबाईने चष्मा पुसला. “तारीख वाच परत.”

भाचीने वाचली.

बाई उठली. कामाची नोंदवही काढली, कोणाचं काय शिवलं आणि कधी दिलं त्याची. पानं उलटली, एका ओळीवर बोट ठेवलं आणि गप्प झाली. चाळीस वर्षांच्या संसारात ती अशी गप्प झाल्याचं सुताराला दोनदाच आठवत होतं, आणि दोन्ही वेळा दिवस चांगला नव्हता.

“अहो,” ती म्हणाली, “मेंढपाळाच्या कोटाला नवं अस्तर लावलं होतं. माळावर नेऊन दिला आपण. त्या दिवशी.”

“हं.”

“बर्फ होता का हो वर?”

भाची दोघांकडे आळीपाळीने बघत होती. तिला अजून काही कळलं नव्हतं. सुताराला सगळं कळलं होतं. आठवत नाही म्हणायला काय लागतं? तो तसाही बोलत नाही. एक ‘कोण जाणे’ पुरलं असतं. पोरीचं व्याख्यान झोकात झालं असतं, बायकोचं नाव देशोदेशी गेलं असतं, आणि नऊ हिवाळ्यांपूर्वी खांब कोणी हलवला हे कोणी विचारलंही नसतं. पण तो दिवस त्याला लख्ख आठवत होता. कोट दिल्यावर दोघं उन्हात बसली होती. तिचा गुडघा पहिल्यांदाच दुखला नव्हता.

“गवतावर बसलो होतो,” तो म्हणाला. “उठल्यावर तुझ्या पाठीला काड्या लागल्या होत्या. मी झटकल्या.”

“ओल्या?”

“कोरड्या.”

मापबाईने नोंदवही मिटली. “पोरी, उपग्रह फसला नाही. आम्ही फसलो. ये, मागचं दार उघड.”

भिंतीमागे सावली होती. तिन्हीसांजेला असते तशी नव्हे, दिवसभर पडून राहिलेली, थंड आणि निळसर. वाऱ्याने उडवलेला बर्फ भिंतीला अडून तिथे ढीग झाला होता. त्यात खांब मांडीएवढा रुतलेला होता. पलीकडच्या आवारात जमीन दिसायला लागली होती, आणि इथे अजून भर हिवाळा होता.

भाची बघत राहिली. “हा खांब माळावर नव्हता?”

“नऊ वर्षं नाही.”

“आणि कार्यालयाला?”

“नाही कळवलं.”

“आत्या! नऊ वर्षं! अगं तीच नऊ वर्षं माझ्या मॉडेलशी जुळतात!” तिचा आवाज चिरकला. “मॉडेल बरोबर म्हणून नाही जुळली. तू सावलीत मोजलंस म्हणून जुळली! मी आता नऊ दिवसांनी काय सांगू तिथे? माझ्या आत्याच्या गुडघ्याने माझ्या मॉडेलची लाज राखली?”

“सांग. खोटं काय आहे त्यात?”

“तू गप्प तरी बसायचंस!”

“मग मला दुकान बंद करावं लागलं असतं,” मापबाई म्हणाली. “कोणत्या तोंडाने पट्टी धरली असती मी?”

दोघी एकमेकींकडे पाठ करून उभ्या राहिल्या, एकाच घराण्यातल्या, सारख्याच ताठ. आता काय होतं ते देव जाणे, असं वाटत असताना सुताराने घसा खाकरला.

“आधी मोजू,” तो म्हणाला, “मग भांडा.”

आधी भाचीला हसू फुटलं. मग मापबाई म्हणाली, “चाळीस वर्षांनी तोंड उघडलं, तेही माझंच वाक्य चोरून.”

सकाळपर्यंत सुताराने नवा खांब केला. पांढरा रंग, काळ्या रेघा, एकेक रेघ पोलादी पट्टीने. मापबाईच्या आणि भाचीच्या बुटांच्या तळव्यांना बारीक खिळे मारले, कारण चढावर काही ठिकाणी अजून निसरडं होतं. तिघं वर निघाली. बाई मध्ये, एकीकडे भाची, एकीकडे काठी. वीस मिनिटांचा चढ पन्नास मिनिटांत झाला. माळावर जुन्या खांबाची लोखंडी बैठक जमिनीत तशीच होती. सुताराने गंज खरवडून खांब बसवला.

बाईने पोतं अंथरलं. पोटावर झोपली, एक डोळा मिटला.

“तेवीस.”

“आणि खाली सकाळी चौसष्ट होता,” भाची म्हणाली. थोड्या वेळाने तिनेही पोतं मागितलं. “सरक आत्या, मला बघू दे.”

“तुझा विश्वास नाही?”

“तूच शिकवलंयस.”

सहा दिवस हेच चाललं. सकाळी आठला भिंतीमागे, नऊला माळावर. दुपारी संगणकावर उपग्रहाचं त्या दिवसाचं चित्र उतरायचं आणि तिघं कापायच्या टेबलाभोवती जमायची. दोन दिवस ढगांनी झाकले. त्या दिवशी मापबाईने उपग्रहाला आळशी म्हटलं. बाकीचे दिवस मात्र तो तिच्या शब्दाबाहेर गेला नाही. माळावर आकडा उतरायचा, वरच्या ठिपक्यांतला पांढरा विरळ व्हायचा. बेकरीवाला रोज पाव द्यायच्या निमित्ताने येऊन विचारायचा, “आज कोण जिंकलं?”

सहाव्या दिवशी माळावर पोतं अंथरायला बर्फच नव्हता. पिवळं, दबलेलं गवत होतं, त्यातून पाणी झिरपत होतं. मापबाईने तरी वहीत ‘शून्य’ लिहिलं, नीट, गोल. भिंतीमागे त्या दिवशी सत्तेचाळीस. दुपारी उपग्रहाचा माळ तपकिरी. आणि भाचीच्या मॉडेलमध्ये अजून चाळीस सेंटीमीटर बर्फ, पांढराशुभ्र, जणू काल पडलेला.

“हरले,” भाची म्हणाली. पण रडकी नव्हती ती. हनुवटी हातावर टेकून पडद्याकडे बघत होती. “कुठेतरी माझा बर्फ ऊन खातच नाही. का?”

मापबाई एका कोटाची कॉलर उसवत होती. “तुझ्या त्या यंत्रात बर्फ मळतो का?”

“म्हणजे?”

“पांढरा कोट घेतला तर किती दिवस पांढरा राहतो? वर आज जाताना बघितलं नाहीस? बाजूला राहिलेले ढीग कसे झालेत ते? धूळ, काटक्या, पाईनची टरफलं, चुलींचा धूर. चार महिने अंगात घातलेला कोट आहे तो. मळक्यावर ऊन जास्त लागतं. काळा कोट घालून उन्हात उभी राहा, कळेल.”

भाचीने लॅपटॉप जवळ ओढला. “मळतो,” ती हळूच म्हणाली, “आमच्याही बर्फाचा रंग उतरतो. पण फार सावकाश. कुठल्यातरी खूप स्वच्छ प्रदेशाच्या हिशेबाने बसवलाय तो आकडा.” आणि ती जी कळा बडवायला लागली, ती जेवायला हाक मारली तरी उठली नाही. सुताराने ताट टेबलावर सुई-दोऱ्याच्या डब्याशेजारी नेऊन ठेवलं.

हेच कारण आहे असं ती म्हणाली नाही. बघावं लागेल म्हणाली. जाताना तिने बाकीचे फोटो पुसले आणि दोनच ठेवले, एक भिंतीमागचा खांब, एक माळावरचा.

व्याख्यानाच्या संध्याकाळी फोन आला. मापबाईने तो आवाज मोठा करून शिलाई मशीनवर ठेवला, सुतारालाही ऐकू यावं म्हणून.

“आत्या, आधी सगळे हसले. मग एक तास प्रश्न विचारत होते. एक म्हातारे गृहस्थ उठून म्हणाले, आपापल्या देशात गेल्यावर प्रत्येकाने आपापले खांब बघून यावेत. आणि मॉडेल परत चालवायला घेतलंय. मळक्या बर्फासकट.”

“माझ्या वह्यांचं काय?”

सुताराच्या हातातली कानस थांबली.

“आधीची बावीस वर्षं जशीच्या तशी ठेवायची. नऊ वर्षं वेगळी, ‘भिंतीमागे’ असं लिहून. फेकायची नाहीत. कार्यालयातले साहेब पत्र पाठवतायत.”

पत्र आलं. आताचे साहेब वेगळे होते, बटण लावून घेणारे कधीच निवृत्त झाले होते. भिंतीमागची मोजणी बंद करावी, असं त्यात होतं. पुढच्या हिवाळ्यापासून माळावर आपोआप मोजणारं यंत्र बसवू, किंवा बाईंना जमत असेल तर त्यांनी माळावर जाऊन पूर्वीप्रमाणे मोजावं. काय ते कळवावं.

मापबाईने पत्र दोनदा वाचलं. “यंत्र पोटावर झोपतं का हो?”

“त्याला गुडघा नसतो,” सुतार म्हणाला.

“टोमणा आहे हा.”

“आहेच.”

“गुडघा माझा आहे. नऊ वर्षं मी त्याचं ऐकलं, आता त्याने माझं ऐकावं.” तिने मशीनखालून पेन्सिल काढली आणि पत्राच्या कोऱ्या बाजूवर उत्तर लिहायला घेतलं. लिहिता लिहिता मान वर न करता म्हणाली, “तुम्ही पुन्हा खांब उचलून आणलात तर बघा.”

सुताराने खांब आणला नाही. उन्हाळाभर तो सकाळी दोन तास कुठेतरी जायचा. मापबाईने विचारलं नाही, पण त्याच्या सदऱ्याला लागलेला चीक बघून तिला लाकूड कुठलं ते कळत होतं. थंडी पडायच्या आत चढाच्या सगळ्या उभ्या भागाला कठडा झाला. तिच्या कोपराच्या बरोबर उंचीवर, हात ठेवायला गोल तासलेला, दर तीस पावलांवर बसायला फळी. माप कधी घेतलं, म्हणून तिने विचारलं. तो म्हणाला, झोपेत.

हिवाळ्याचा पहिला बर्फ पडला त्या दिवशी ती सात वाजताच तयार होती. निळा जाड कोट, खिळ्यांचे बूट, काखेत पोत्याची गुंडाळी, खिशात कोरी वही. सुतार उठून जोडे शोधायला लागला, तर ती म्हणाली, “तुम्ही नका. दोघांच्या पावलांनी बर्फ तुडवला जातो. आणि तुम्ही मागून उसासे टाकता.”

दार लागलं. सुतार दुकानाच्या काचेशी येऊन उभा राहिला. समोर बेकरीवालाही पाट्या आत ठेवायचं सोडून पायरीवर थांबला होता. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. निळा कोट रस्त्याच्या टोकाला गेला, चढाला लागला, कठड्यावर हात टेकला. पहिल्या फळीशी ती थांबली. बसतेय असं वाटलं. नाही बसली. फळीवरचा बर्फ हाताने झाडला, मान जराशी तिरकी करून त्याची जाडी बघितली आणि पुढे गेली. वळणापाशी झाडं आडवी आली. थोडा वेळ फांद्यांमधून निळं निळं दिसत होतं, मग तेही दिसेना. बेकरीवाला पाट्या उचलून आत गेला. सुतार काचेवरची वाफ बाहीने पुसत तिथेच उभा होता.